घोटा

आभाळ भरून आलं की आमच्या घरात पहिल्यांदा कळतं ते माझ्या उजव्या घोट्याला. हवामान खात्याचा नंबर त्यानंतर. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरच्या एका ज्युनिअर फुटबॉल सामन्यात समोरच्याचा पाय आडवा आला, माझा पाय चिखलात रुतून तिथंच राहिला आणि मी पुढं गेलो. ‘कट्’ असा आवाज आला. तो गॅलरीपर्यंत ऐकू आला, असं मामा अजून शपथेवर सांगतो. हाड मोडलेलं नव्हतं, त्यामुळं कुणी मनावर घेतलं नाही. हळद-तेल लावलं, पट्टी बांधली आणि पंधरा दिवसांनी मी परत मैदानात. त्या पंधरा दिवसांची किंमत मी अजून भरतोय, हप्त्याहप्त्यानं, दर जून महिन्यात.

घोटा दुखायला लागला की मला अर्जेंटिनाचा स्ट्रायकर, म्हणजे गोल मारणारा गडी, गॅब्रिएल बातिस्तुता आठवतो. आमच्या गल्लीत त्याला ‘बॅटी’ म्हणायचे. मार्च २००५ मध्ये त्यानं फुटबॉल सोडला आणि मग घोट्यांनी त्याला गाठलं. हे त्यानंच पुढं टीव्हीवरच्या एका मुलाखतीत सांगितलं. पहाटे चारला जाग यायची, लघवी लागलेली असायची, न्हाणीघर तीन मीटरवर. पण उठून पाय टेकला की काय होणार हे माहीत असल्यामुळं तो उठायचाच नाही, अंथरुणातच व्हायचं. शेवटी डॉक्टरकडे गेला आणि म्हणाला, पाय कापून टाका. डॉक्टर म्हणाले, वेड लागलंय तुला. तो मात्र मनापासून बोलत होता. धावपटू पिस्टोरियस कृत्रिम पायांवर धावताना त्यानं पाहिला होता आणि आपला उपाय हाच, असं त्यानं ठरवून टाकलं होतं. घोट्यातली कूर्चा झिजून संपली होती, हाडावर हाड घासत होतं. पुढं शस्त्रक्रिया झाल्या. २०१९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बासेलला जाऊन त्यानं कृत्रिम घोटा बसवून घेतला.

मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ नुसता बसून राहिलो. या माणसाच्या पायाचा फोटो आमच्या दुकानाच्या शटरवर चिकटवलेला होता.

त्याला पहिल्यांदा पाहिलं ते मामाच्या घरी, दूरदर्शनवर. २१ जून १९९४, अमेरिकेतला वर्ल्ड कप, अर्जेंटिना विरुद्ध ग्रीस. कोल्हापुरात वर्ल्ड कपच्या महिन्यात गल्ल्या वाटल्या जातात. ही ब्राझीलची, ती अर्जेंटिनाची, आणि मधल्या बोळात एखादं घर जर्मनीचं, ज्याच्याशी महिनाभर कुणी नीट बोलत नाही. आम्ही अर्जेंटिनावाले. त्या सामन्याचं सगळ्यांना काय आठवतं? मॅराडोनाचा गोल, आणि गोलनंतर कॅमेऱ्यात घुसलेला त्याचा तो डोळे फाडून ओरडणारा चेहरा. अर्जेंटिना ४-० जिंकली. उरलेले तीन गोल कुणाचे, हे विचारा; आमच्या कट्ट्यावरचे निम्मे लोक अडखळतात. तिन्ही बातिस्तुताचे. पहिला तर दुसऱ्याच मिनिटाला. स्वतः हॅट्ट्रिक करून माणूस आपल्याच सामन्यात पाहुण्यासारखा उभा. बरोबर चार वर्षांनी, तारीख तीच, २१ जून, पॅरिसमध्ये जमैकाविरुद्ध त्यानं दहा मिनिटांत पुन्हा तीन मारले. दोन वेगवेगळ्या वर्ल्ड कपमध्ये हॅट्ट्रिक त्याच्याआधी कुणाला जमली नव्हती. देशासाठीच्या गोलांचा त्याचा विक्रम मोडायला २०१६ साल आणि मेस्सी यावा लागला.

पण देशासाठी खेळणं म्हणजे वर्षातले चार-दोन सामने. स्ट्रायकरची रोजची भाकरी क्लबात असते, आणि याची भाकरी चौदा वर्षं परमुलखात होती.

मूळचा तो अर्जेंटिनाच्या सांता फे प्रांतातला, रेकॉन्किस्ता या गावात वाढलेला. वडील कत्तलखान्यात कामाला. पोरगा उंच, आधी बास्केटबॉल खेळायचा. १९७८ चा वर्ल्ड कप अर्जेंटिनानं घरात जिंकल्यावर फुटबॉलकडे वळला, तोही उशिरा आणि जरा आळसातच. रोसारिओच्या नेवेल्स ओल्ड बॉइजमध्ये आला तेव्हा अंगानं जड होता आणि ‘आल्फाहोर’वर त्याचा जीव होता. दोन मऊ बिस्किटं आणि मध्ये आटवलेल्या दुधाचा गोड थर, बासुंदी आणि खव्याच्या मधली काहीतरी चीज. मार्सेलो बिएल्सा नावाच्या खडूस प्रशिक्षकानं ते आधी बंद केलं. (हे वाचून मला आमच्या तालमीतले वस्ताद आठवले. त्यांनी एकाला कंदी पेढ्याच्या पुड्यासकट पकडलं होतं. पुडा जप्त झाला आणि वस्तादांनीच संपवला.) मग एक वर्ष रिव्हर प्लेट, तिथं बाकावर बसवलं, म्हणून थेट कट्टर वैऱ्याकडे, बोका ज्युनिअर्सला. तिथं गोल पडायला लागले. १९९१ मध्ये चिलीतल्या कोपा अमेरिकेत सहा मारले आणि फ्लॉरेन्सच्या फिओरेंतिनानं त्याला उचललं.

त्या काळचं इटली म्हणजे फुटबॉलची पंढरीच. पण दरवाजा अरुंद. एका संघात मैदानावर परदेशी खेळाडू तीनच. म्हणजे तुम्ही जी जागा घेता ती अख्ख्या जगातून निवडून भरलेली असते, आणि ती वाया गेली तर मालकापासून केस कापणाऱ्यापर्यंत सगळ्यांना तुमचा पगार तोंडपाठ असतो. परदेशी बचावपटूची चूक गर्दीत झाकली जाते. स्ट्रायकरला ती सोय नाही. इटलीत सामन्याच्या दुसऱ्या दिवशी गाझेत्ता देल्लो स्पोर्त हा पेपर, तो गुलाबी कागदावर निघतो, प्रत्येक खेळाडूला दहापैकी मार्क देतो. नव्वद मिनिटं जिवाचं रान केलं आणि गोल नाही झाला, तर साडेपाच. भाषा येत नसली तरी आकडा वाचता येतो.

पहिल्या वर्षी लीगमध्ये १३ गोल. दुसऱ्या वर्षी १६. आणि त्या दुसऱ्या वर्षी, १९९३ मध्ये, फिओरेंतिना खालच्या विभागात घसरली. जानेवारीपर्यंत संघ बरा चालला होता. मालकांनी भर हंगामात प्रशिक्षक काढला आणि गाडी उताराला लागली. असं का केलं ते त्यांचं त्यांना ठाऊक. अशा वेळी परदेशी स्ट्रायकर काय करतो हे सांगायला नको. एजंटचा फोन येतो, बॅग भरली जाते, विमानतळावर दोन गोड वाक्यं. बातिस्तुता राहिला. सेरी बी मध्ये, लहान गावांच्या लहान मैदानांवर, क्लॉडिओ रानिएरीच्या हाताखाली १६ गोल मारून त्यानं संघ वर आणला.

या एका वर्षानं फ्लॉरेन्सनं त्याला कायमचं आपलं केलं. हे बाहेरच्याला पटकन कळणार नाही, पण कोल्हापूरकराला कळतं. मी कधी तिथं गेलेलो नाही, वाचलंय, आणि वाचताना सारखं वाटत राहिलं की हे लोक आपल्याच नात्यातले. जुन्या फ्लॉरेन्सच्या चार पेठा: सांता क्रोचे निळी, सांता मारिया नोव्हेल्ला लाल, सांतो स्पिरितो पांढरी, सान जोव्हान्नी हिरवी. दर जूनमध्ये सांता क्रोचेच्या चौकात माती पसरून या पेठा आपापसांत जुना ‘काल्चो’ खेळतात. म्हणायला फुटबॉल, बघायला निम्मी कुस्ती आणि निम्मी मारामारी. जिंकणाऱ्या पेठेला परंपरेनं कियानिना जातीचं वासरू बक्षीस. आता सांगा, ज्या गावात तालमीच फुटबॉलचे संघ चालवतात, जिथं पाटाकडील आणि खंडोबा या तालमींचा सामना असला की एका घरातले दोन भाऊ वेगवेगळ्या गॅलरीत बसतात, त्या गावाला हे परकं वाटेल का?

अशा गावात बाहेरून आलेल्या माणसाला आधी पारखतात. मग एकदा स्वीकारला की त्याच्यासाठी डोकी फोडतात.

वर आल्यावर १९९४-९५ चा हंगाम. पहिल्या अकरा सामन्यांत सलग, एकही न चुकता, गोल. बोलोन्याच्या पास्कुत्तीचा सलग दहाचा विक्रम तीसेक वर्षं उभा होता, तो पडला. हंगामाअखेर २६ गोल, लीगमध्ये सर्वांत जास्त. गोल झाला की कोपऱ्यातल्या झेंड्याकडे धावायचा, लांब केस मागं उडतायत, जांभळा शर्ट, आणि हातात नसलेली मशीनगन चालवल्यासारखा आविर्भाव. आमच्या पेठेतल्या प्रत्येक पोरानं ती मशीनगन चालवली आहे, निम्म्यांनी तर ऑफसाइड ठरलेल्या गोलनंतर.

त्याच्या फटक्याबद्दल सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. ड्रिबलिंगची हौस त्याला फारशी नव्हती. जोडीदार रुई कोस्टा मागून चेंडू सोडायचा, हा एक स्पर्श करायचा, कधी तोही नाही, आणि उजव्या पायाच्या वरच्या भागानं, लेस बांधतो तिथून, सणसणीत मारायचा. या फटक्याचं सगळं रहस्य घोट्यात असतं. पायाची बोटं खाली, घोटा आवळलेला. तो जरा जरी सैल पडला तर मांडीतला सगळा जोर तिथंच जिरतो आणि चेंडू फुगा होऊन वर जातो. वस्ताद आम्हाला ओरडून सांगायचे, “घोटा बांध! घोटा बांध रे!” आणि पोटरीवर वेताची छडी. बातिस्तुतानं तो घोटा हजारो वेळा बांधला असेल. सरावात, सामन्यात, थंडीतल्या कडक मैदानावर, पुढंपुढं तर दुखऱ्या जागी इंजेक्शनं घेऊन. १९९७ मध्ये कॅम्प नोऊवर बार्सिलोनाविरुद्ध तसाच एक फटका जाळ्यात गेला आणि त्यानं ओठांवर बोट ठेवून अख्ख्या स्टेडियमला गप्प बसायला सांगितलं. १९९९ मध्ये वेम्बलीवर आर्सेनलविरुद्ध उजवीकडून, जिथून कुणी मारायच्या फंदात पडत नाही अशा कोनातून, गोलकीपर सीमनच्या डोक्यावरून. ते गोल आजही यूट्यूबवर बघताना माझं लक्ष चेंडूकडं नसतं. मी त्याचा टेकलेला पाय बघतो. डावा. सगळं वजन त्याच्यावर आलेलं असतं, आणि घोटा किती कलतो ते दिसतं.

लीग मात्र फ्लॉरेन्सच्या नशिबी नव्हती. १९९६ मध्ये इटालियन कप मिळाला, त्याच वर्षी सान सिरोवर मिलानला हरवून सुपर कपही, दोन्ही गोल याचे, आणि कॅमेऱ्यासमोर जाऊन बायकोला ओरडून सांगितलं, “ते आमो, इरिना!” (माझं तुझ्यावर प्रेम आहे.) सगळ्यात जवळ आले ते १९९८-९९ मध्ये, त्रापात्तोनी प्रशिक्षक असताना. अर्धी लीग संपली तेव्हा संघ पहिला होता. फेब्रुवारीत बातिस्तुता जखमी होऊन बाहेर गेला, आणि नेमकं त्याच वेळी जोडीचा ब्राझिलियन स्ट्रायकर एदमुंदो कार्निव्हलसाठी रिओला निघून गेला. यात्रा आहे म्हणून सुगीत रजा टाकणारा गडी आपल्याकडंही असतो, पण तो निदान आजी आजारी असल्याचं सांगतो. संघ तिसरा आला.

त्यानंतर एक वर्ष थांबून, २००० च्या उन्हाळ्यात, वयाच्या एकतिसाव्या वर्षी तो रोमच्या रोमा या क्लबला गेला. किंमत ७० अब्ज लिरा. तिशी उलटलेल्या खेळाडूसाठी तोवर कुणी एवढे मोजले नव्हते. नऊ वर्षं एका गावाला दिल्यावर त्याला एकदा तरी लीग जिंकायची होती, बस्स. मामा आठ दिवस चिडलेला. “पैशासाठी गेला” म्हणाला. मी म्हटलं, पैशासाठी जायचं असतं तर त्र्याण्णवला नसता गेला? मामानं उत्तर दिलं नाही. कारण मामाच्याच एका जोडीदारानं, फार जुनी गोष्ट, एका हंगामात तालीम बदलली होती. पलीकडच्या पेठेत गेला, तीन मिनिटांच्या अंतरावर. चहाच्या गाड्यावर लोक त्याच्याकडं पाठ करून उभे राहायचे. त्याच्या लग्नाला मामा गेला नाही. पन्नास वर्षं झाली, आणि तो माणूस रस्त्यात दिसला की मामा अजून चप्पल नीट करायला खाली वाकतो.

२६ नोव्हेंबर २०००. रोममध्ये रोमा विरुद्ध फिओरेंतिना. ८३ मिनिटं झाली, गोल नाही. मग पेनल्टीच्या पेटीबाहेर, लांबवर, एक चेंडू हवेत उसळला. बातिस्तुतानं तो जमिनीवर पडू दिला नाही. आला तसा मारला. समोर गोलकीपर तोल्दो, कालपर्यंतचा सोबती, हवेत झेपावला आणि चेंडू त्याच्यावरून आत गेला. स्टेडियम फुटलं. अंगावर उड्या मारायला सगळी रोमा धावली आणि मध्ये हा, मशीनगन नाही, झेंडा नाही, तोंड वाकडं करून रडतोय. सामना १-० संपला.

दुसऱ्या दिवशी केबलवर तो तुकडा दाखवला तेव्हा मामा म्हणाला, “नाटक आहे.” मला तेव्हाही तसं वाटलं नाही आणि आता तर मुळीच नाही. नाटक करायचं असतं तर सोपा मार्ग होता: चेंडू छातीवर घ्यायचा, थोडा वेळ खायचा, कुणाला तरी पास द्यायचा. कुणी बोट दाखवलं नसतं. पण चेंडू आला आणि पायानं पायाचं काम केलं. घोटा बांधला गेला, जसा आयुष्यभर बांधला होता. मनाला जे वाटलं ते त्यानंतर वाटलं. फुटबॉलचं आपल्याला वेड नाही, ते आपलं काम आहे, असं हा माणूस सांगत आला. मैदानाबाहेर त्याला पोलो खेळायला आवडायचं, घोडे आवडायचे. लोकांना त्याचं ते बोलणं कोरडं वाटतं. मला त्या एका फटक्यात कळलं की कामाची निष्ठा आणि माणसांवरचा जीव या दोन गोष्टी एकाच अंगात सुखानं नांदत नाहीत, भांडत राहतात, आणि कधी भर स्टेडियममध्ये भांडतात.

१७ जून २००१ ला रोमानं लीग जिंकली. शेवटच्या सामन्यात पार्माला ३-१ हरवलं, त्यातला तिसरा याचा. त्या हंगामात त्यानं २० मारले. एवढ्यासाठीच तो आला होता. त्यानंतर घोटे-गुडघे ऐकेनासे झाले. इंटरला अर्धं वर्ष उसनवारीवर, मग कतारच्या अल-अरबीला जाऊन तिथल्या लीगमध्ये २५ गोल, आणि खेळ संपला. दरम्यान २००२ मध्ये फिओरेंतिनाचं दिवाळं निघालं आणि तो क्लब चौथ्या विभागातून नव्या नावानं सुरू झाला. ही बातमी त्यानं कुठं वाचली असेल, असं मला उगाच वाटत राहतं.

हे सगळं परत वर येण्याचं कारण वेगळंच आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या गल्लीच्या तोंडाशी, एका काकूंच्या माडीवर, एक नायजेरियन पोरगा हंगामापुरता राहिला होता. हल्ली कोल्हापूरच्या तालमींकडून आफ्रिकेतली पोरं खेळतात, हे काही नवीन नाही. हा स्ट्रायकर. बोलण्यात मऊ, मैदानात रेडा. पहिल्या चार सामन्यांत गोल नाही, तेव्हा गाड्यावरच्या लोकांना त्याच्या मानधनाचा आकडा तोंडपाठ होता. पाचव्यात दोन मारले आणि त्याच लोकांनी त्याला खांद्यावरून गल्लीत आणला. काकूंनी भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. त्याला काय चाललंय ते कळेना, म्हणून त्यानंही घाबरून हात जोडले.

एका संध्याकाळी मी जिन्यावरून वर गेलो तर तो पलंगाच्या कडेला बसलेला. पाय काकूंच्या निळ्या प्लास्टिकच्या बादलीत, बादलीत बर्फाचे खडे, रसवंतीवाल्याकडून आणलेले, वर थोडा भुसा तरंगत होता. घोटा सुजून लिंबाएवढा झालेला. मोबाइल कानाला; घरी, आईशी बोलत असावा, आवाज एकदम मजेतला. मी बादलीकडं बघितलं तसं त्यानं ओठांवर बोट ठेवलं. फोन ठेवल्यावर मी त्याला माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं, रविवारी खेळू नको. पंधरा दिवस थांब, नाहीतर जन्मभर हवामान खात्यात नोकरी करशील. विनोद त्याच्यापर्यंत पोचला नाही. तो म्हणाला, रविवारी नाही खेळलो तर ते दुसरा आणतील, अंकल.

रविवारी तो खेळला. मी गॅलरीत होतो. उत्तरार्धात त्याला पेटीच्या तोंडाशी चेंडू मिळाला, त्यानं टेकलेल्या पायावर वजन घेतलं, आणि मी डोळे मिटून घेतले. गॅलरी उसळली तेव्हा कळलं, गोल झाला. मामा मला गदागदा हलवून म्हणाला, “बघितलास का? बॅटीसारखा मारला!” मी हो म्हटलं.

हंगाम संपल्यावर तो गेला. गोव्याला म्हणे, पुढचं माहीत नाही. काकूंच्या न्हाणीघरात ती निळी बादली अजून आहे. पाणी तापवायच्या वेळी सुनेला सांगतात, “ती नको, ती त्या पोराची आहे. दुसरी घे.”